हौशी वृंदगान मंडळ, कोल्हापूर: पावसाळ्यापासूनचा अनुभव (सगळं अडतं ते पट्टीपाशी)

मंडळाचं नाव देत नाही. वर्गणी महिना ३०० रुपये, शनिवार-रविवार दोन-दोन तास तालीम, पेटी-तबला मंडळाचाच. माणसं पंचवीसेक, त्यात बायका जास्त. आवाजाची चाचणी वगैरे नाही. अशा मंडळांत हे सगळं सारखंच असतं, म्हणून थेट दुखण्यावर येतो.

इथे सरसकट सगळी गाणी काळी चारला. पट्टी म्हणजे पेटीवरच्या कुठल्या स्वराला ‘सा’ धरायचं ते; काळी चार म्हणजे सप्तकातला चौथा काळा स्वर, पांढरी एक म्हणजे पहिला पांढरा. काळी चार का, तर पेटीवाल्या काकांचा हात तिथे बसलाय आणि पुढच्या रांगेतल्या बायकांना ती सोयीची. पुरुषांनी त्याच उंचीवर गायचं म्हटलं तर अंतऱ्यातल्या तार षड्जाला (वरच्या सा ला) मानेच्या शिरा फुगतात. एक सप्तक (सा ते वरचा सा) खाली उतरावं तर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) लागतच नाही, नुसती घरघर. मग ज्याला जिथे झेपेना तिथे तो ओळीच्या मध्येच सप्तक बदलतो. ऐकणारा म्हणतो, पुरुष बेसूर आहेत. ते बेसूर नसतात, पट्टी चुकलेली असते. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या आणि देवल क्लबसारख्या संगीतसंस्थेच्या गावात हे कुणाला सांगावं लागू नये! गणेशोत्सवापर्यंत माझं मत एवढंच होतं: पैसे वाया.

दिवाळीनंतर पट्टी गाण्यागणिक ठरू लागली आणि मत बदलावं लागलं. हिशेब असा आहे. हौशी पुरुषाचा गळा साधारण पांढरी एकपासून वरच्या पांढरी तीनपर्यंत आरामात चालतो, बाईचा पांढरी पाचपासून वर जेमतेम दीड सप्तक. सप्तकाच्या फरकाने एकत्र गायचं तर दोघांना सोयीचं असं एकच सप्तक उरतं, पांढरी एक ते वरची पांढरी एक. म्हणून गाणं बसवण्याआधी त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कागदावर लिहायचा. दोन्ही एका सप्तकात मावत असतील तर खालचा स्वर पांढरी एकवर आणायचा. संपला विषय.

भावगीतं मात्र मंद्र पंचमापासून तार गांधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत) पळतात. तिथे षड्ज पांढरी चार धरायचा आणि सगळ्यांनी एकाच उंचीवर गायचं. मंद्रातली ओळ फक्त पुरुषांची, तार षड्जाला जाणारी फक्त बायकांची, मधलं सगळ्यांचं. बायकांना षड्ज जरा खाली वाटतो, पण तिथे पुरुषांचा आवाज भक्कम असतो, त्यामुळे पोकळी राहत नाही. पंडित जसराजांच्या ‘जसरंगी’ जुगलबंदीत स्त्री-पुरुष आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात. तो तयारीच्या गळ्यांचा खेळ, आपण ओळी वाटून घ्याव्यात.

यात खरा फायदा तबल्याचा. पांढरी एकला लावलेला तबला पांढरी एकच्या गाण्याला षड्जात आणि पांढरी चारच्या गाण्याला पंचमात बसतो. एकाच तबल्यात कार्यक्रम निघतो, मध्ये हातोडी घेऊन ठोकाठोक नाही. पेटीचंही तेच. पांढरी एकला शुद्ध स्वरांना एकही काळी लागत नाही. पांढरी चारला एकच लागते, मध्यमासाठी काळी पाच. तरीही स्केल चेंजर (बोटांखालच्या पट्ट्या सरकवून ‘सा’ बदलता येणाऱ्या) पेटीसाठी माणशी हजार रुपये गोळा करायचं चाललंय. कशाला? ती पेटी जड, आणि त्या पट्ट्या सरकवताना खाचेत नीट बसल्या नाहीत तर दोन स्वर एकदम वाजतात. साध्या पेटीच्या पट्ट्या पावसाळ्यात दमटपणाने फुगून अडकतात, तेवढी दुरुस्ती आधी करा.

बाकी थोडक्यात. पेटी बंद करून गायलं की मंडळी हळूहळू अर्धा स्वर उतरतात. चाल वरून खाली येताना गांधार-रिषभ (ग, रे) ढिले पडतात म्हणून. उपाय म्हणजे पेटी फक्त मुखड्याला (गाण्याच्या पहिल्या ओळीला) वाजवून तपासणं. शेजारच्याबरोबर श्वास घ्यायचा नाही, आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) तर नाहीच. ओळीच्या शेवटचा ‘स’ दोघांनीच उच्चारावा, बाकीच्यांनी स्वरावर थांबावं, नाहीतर पंचवीस जणांचा फुसकारा ऐकू येतो.

केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळाल्यापासून कार्यक्रम मंगल कार्यालयात होतात. फरशी आणि पत्र्यामुळे तिथे आवाज घुमतो. साउंडवाला प्रत्येक रांगेत माईक लावू पाहतो, तो लावू देऊ नका. गायक माईकपासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये हवं. नाहीतर तोच आवाज दोन माईकमधून येऊन पोकळ होतो. आमच्या एवढ्या माणसांना तीन माईक पुरतात.

प्रत्येक कार्यक्रमाला नव्या रंगाचा कुर्ता, ७०० रुपयांचा. याचा सुराशी काय संबंध, ते कुणी सांगत नाही.

पाचपैकी साडेतीन. पुन्हा काळी चार सुरू झाली तर दोन. आता सहा महिन्यांची वर्गणी एकरकमी मागताहेत, सवलत काहीच नाही. मी महिन्याची महिन्यालाच देणार.