दोन क्लॅरिनेट, एकच स्टाफ : म्यूझस्कोअर वापरून पाहिल्यावर

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला आमच्या गावचे बँड पथक आहे. लग्नसराई आणि ३० एप्रिलची ग्रामजयंतीची (तुकडोजी महाराजांच्या जयंतीची) मिरवणूक, हे त्याचे हंगाम. पथकात दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक आल्टो सॅक्सोफोन आणि एक युफोनियम असून त्यांच्यासाठी गाणी स्टाफवर, म्हणजे सुरांच्या खुणा मांडायच्या पाच रेघांच्या पट्टीवर, लिहून देण्याचे काम माझ्याकडे असते. मास्तरांची मागणी साधी होती : समोरच्या कागदावर ओळी कमी असाव्यात, म्हणजे चालता चालता पान उलटावे लागणार नाही. दोन क्लॅरिनेटचे सूर एकाच स्टाफवर आणायचे ते यासाठी, आणि या एका कामापुरते मी म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीचे मूल्यमापन करीत आहे.

हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि एकदा संगणकावर उतरवले की इंटरनेटशिवाय चालते. आमच्याकडे दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे.

जोडणीचा सोपा मार्ग म्हणजे 'टूल्स'मधील 'इम्प्लोड'. दोन्ही क्लॅरिनेटची लय सारखी असेल, तर दोघांचे सूर एकाच दांडीवर (खुणेच्या उभ्या रेघेवर) येतात आणि पान स्वच्छ दिसते. पण पहिला दोन मात्रांचा सूर धरून असताना दुसरा खालून एकेका मात्रेने उतरत असेल, तर दोघांना वेगळे 'व्हॉइस' (एकाच स्टाफवरचे स्वतंत्र प्रवाह) द्यावे लागतात, म्हणजे पहिल्याच्या दांड्या वर आणि दुसऱ्याच्या खाली राहतात. त्यासाठी दुसऱ्या क्लॅरिनेटचे सूर आधी व्हॉइस एकमधून दोनमध्ये न्यावेत, मग काय निवडले जावे हे ठरवणाऱ्या सिलेक्शन फिल्टरमध्ये केवळ व्हॉइस दोन चालू ठेवून ते कॉपी करावेत आणि पहिल्याच्या स्टाफवर पेस्ट करावेत. फिल्टर विसरल्यास व्हॉइस एकमधील रिकामे विरामही सोबत येतात आणि पहिल्याचे सूर पुसले जातात. हे मी दोनदा करून पाहिले आहे, दुसऱ्यांदा रात्री अकरा वाजता.

एवढ्याने काम संपत नाही. जिथे दोघेही तोच सूर वाजवतात तिथे व्हॉइस दोन काढून 'ए २' लिहावे, आणि जिथे दुसरा गप्प असतो तिथे '१.' लिहावे. या खुणा नसल्या, तर एकेरी ओळ दोघांची की एकाची हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. म्यूझस्कोअरमध्ये त्या आपल्या हाताने लिहाव्या लागतात. डोरिको प्रो या दुसऱ्या स्वरलेखन सॉफ्टवेअरमध्ये २०१९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून हेच काम आपोआप होते : प्रत्येक वादकाचे सूर वेगळे लिहावेत, एकत्रित प्रतीत ते एका स्टाफवर येतात, खुणाही पडतात आणि सुटे कागद सुटेच राहतात. त्यासाठी पैसे मोजावे लागतात, आणि दहा-बारा गाण्यांच्या पथकाला तो खर्च मला पटत नाही.

क्लॅरिनेट आणि आल्टो मात्र एका स्टाफवर आणू नयेत. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सूर प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहितात, तर ई फ्लॅट आल्टोचा मेजर सिक्स्थने, म्हणजे साडेचार स्वरांनी, वर. दोघांना एका ओळीत बसवले की एकाला मनातल्या मनात हिशेब करावा लागतो, आणि उन्हात ढोलाशेजारी चालताना तो कुणी करत नाही.

माझी एक चूकही येथे नोंदवतो. गेल्या मिरवणुकीला मी आधी जोडणी केली आणि तोच जोडलेला कागद तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून दोन्ही क्लॅरिनेटवाल्यांच्या हाती दिला. दुसऱ्याने सवयीने वरची ओळ वाचली. पहिल्या चौकापासून देवळापर्यंत खालचा सूर कुणीच वाजवला नाही, आणि मास्तर मागे वळून वळून पाहत राहिले. तेव्हापासून दोन फायली ठेवतो : सुट्या स्टाफची फाईल वादकांसाठी, आणि तिची प्रत घेऊन, सगळे सूर पक्के झाल्यावरच केलेली जोडणी मास्तरांसाठी. पुढे एखादा सूर बदलला तर तो दोन्हीकडे बदलावा लागतो, आणि या सॉफ्टवेअरला मी पाचपैकी चार गुण देतो ते त्यामुळेच.