रूट कॅनाल, सात महिन्यांनंतर: तक्रार फक्त कच्च्या सिमेंटची

पाचात चार. एक तारा कच्च्या सिमेंटपायी कापलाय.

इंजेक्शन, मशीनची घरघर, याचा उगाच बाऊ होतो. भूल नीट चढली की नस काढताना दुखत नाही. ओठ दोन-चार तास बधिर राहतो. तेवढ्यात जेवायला बसू नये, गाल चावला जातो. मग दोन-तीन दिवस चावताना ठणक. बस्स. गालावर सूज चढली, ताप आला तर मात्र मेडिकलमधून गोळ्या आणून खपवू नका, परत डॉक्टरकडं जा.

आता सिमेंट. दोन बैठकांच्या मध्ये दाताच्या भोकात कापसाचा बोळा नि वर पांढरं, रंगाऱ्याच्या लांबीसारखं कच्चं, म्हणजे तात्पुरतं सिमेंट भरतात. ते लाळेनंच घट्ट होतं, म्हणून पहिला तासभर त्या बाजूनं चावायचं नाही. थर साडेतीन मिलिमीटर तरी हवा आणि आयुष्य धरायचं जेमतेम दोन-तीन आठवडे. आपल्याकडं घोडं इथंच पेंड खातं. दुखणं थांबलेलं असतं, सुगी तोंडावर, खानापूर नाहीतर चिकोडीहून पुन्हा बेळगावला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. 'बघू पुढच्या महिन्यात.' तोवर कडेला केसाएवढी फट पडते, लाळ झिरपते, मुळातल्या साफ केलेल्या नळ्या परत नासतात. आणि दुखत काहीच नाही, त्यामुळं कळतही नाही! जिभेला खड्डा लागला, भाकरीचा कण अडकू लागला, की तारखेची वाट न बघता जायचं.

कॅपबद्दलचं, म्हणजे शेवटी दाढेवर बसवायच्या टोपीबद्दलचं मत मात्र बदलावं लागलं. आधी वाटायचं, बिल फुगवायची युक्ती. पण नळ्यांपर्यंत पोचायला दाढेचा माथा कोरलेला असतो, उरतात त्या भिंती. उसाचं कांडं किंवा फुटाणा आडवा बसला की भिंत चिरते. चीर मुळात उतरली तर दाढ काढावीच लागते, आधीचे पैसेही गेले. पुढचा दात बराचसा शाबूत असेल तर पक्क्या सिमेंटवर भागतं, दाढेचं भागत नाही. काटकसर करायची तर दातासारखी पांढरी दिसणारी झिरकोनियाची कॅप सोडून धातूची घ्या, मागं कोण बघायला येतंय? बसवताना निळा कागद चावायला देतात. जरा जरी उंच लागलं तर खुर्चीतच सांगा. 'सवय होईल' म्हणत घरी आलात की चावताना ठणका सुरू.

बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत. खिसा हलका असेल तर तिथं चौकशी करा. वेळ हाताशी ठेवून जा. कुठंही करा, नळ्या किती सापडल्या ते विचारा. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चार असतात आणि चौथी बारीक, तीच हुकते. शेवटचा एक्स-रे मागून घ्या: नळीत भरलेल्या मसाल्याची पांढरी रेघ मुळाच्या टोकाच्या आत, फार तर दोन मिलिमीटरवर थांबलेली हवी. सहा महिने-वर्षानं दुसरा काढून दोन्ही शेजारी धरायचे. मुळाखाली हाड झिजल्याचा काळा डाग होता तो आक्रसला की नाही, ते त्यातच दिसतं.