पाटणादेवीच्या रानात वाटाड्या घेऊनच शिरा

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला मी लहानपणापासून दहा-बारा वेळा तरी गेले असेन. दर वेळी तेच: चंडिकेची ओटी भरायची, डोंगरी नदीत पाय बुडवायचे, झाडाखाली डबा सोडायचा आणि ऊन कलायच्या आत चाळीसगाव गाठायचं. देवळामागे जे रान सुरू होतं ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य. 1986 साली ते जाहीर झालं आणि पसरलंय जवळजवळ 260 चौरस किलोमीटर. इतक्या वर्षांत त्यात आत पाऊल टाकलं नव्हतं, ते या सप्टेंबरात टाकलं. सोबत माझी नणंद आणि अकरा वर्षांचा भाचा. पारोळ्याला माझं औषधांचं दुकान आहे, रविवारीच काय ती सुट्टी मिळते, म्हणून एका दिवसात जमेल तेवढंच केलं.

हा अभिप्राय मुख्यतः आमच्या वाटाड्याबद्दल आहे. पायथ्याच्या गावातला तिशीतला शेतकरी. दिवसाचे 800 रुपये घेतले, आम्हा तिघांचे मिळून. त्याची पहिली अट अशी की फोनवर गाणी नाहीत आणि अत्तर-सेंट लावून यायचं नाही. अत्तराचं कारण त्याने कड्याखाली नेऊन दाखवलं. वर आग्या मोहोळं लटकलेली होती, एकाशेजारी एक. उग्र वासाने ती माशी उठते आणि एकदा उठली की पळायला जागा नसते. तिथून आम्ही दोन मिनिटंही न थांबता पुढे निघालो.

देऊळ सोडून आत गेलं की यादवकाळातलं महादेवाचं हेमाडपंती मंदिर लागतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने याच पाटणला मठ स्थापला. त्याचा शिलालेख 13व्या शतकाच्या सुरुवातीचा. भाच्याला गणित आवडतं, तो तिथून हलेना. मला मात्र घाई होती ती झाडांची.

आणि झाडांसाठीच हा माणूस मला लाखमोलाचा वाटला. दुकानात ज्या गोष्टी मी डब्यांतून आणि पुड्यांतून विकते, त्या त्याने मला उभ्या दाखवल्या. बाळंतिणीच्या लाडवांना जो डिंक जातो तो धावडा. सालई, तिच्या खोडाला नख लावलं तरी देवघरासारखा वास येतो. आणि कांडोळ! कड्याच्या उतारावर पांढरंफेक खोड, माणूस उभा असावा तसं. चांदण्यात ते चमकतं म्हणून काही जण त्याला भुत्या म्हणतात. कांडोळाचा डिंक म्हणजेच कराया डिंक. कवळी घट्ट बसवायच्या पावडरीत तो असतो आणि बद्धकोष्ठाच्या औषधातही. वीस वर्षं मी त्या डब्या हाताळतेय, झाड आज पाहिलं. एका खोडावर कुऱ्हाडीच्या खोल जुन्या खाचा होत्या. डिंकासाठी अशा खोल खाचा पुन्हा पुन्हा पाडल्या की झाड वाळतंच. वाटाड्याने त्या खाचेवर हात ठेवला आणि तो काही बोलला नाही.

पुढे काटेरी झुडपात कळलावी फुललेली होती, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी. भाच्याने हात पुढे केला तसं वाटाड्या आणि मी एकदमच ओरडलो. वाटाड्याला ठाऊक होतं की कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. मला ठाऊक होतं की त्यातलंच कोल्चिसिन मी गाऊटच्या, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीच्या, रुग्णांना गोळ्यांत देते. दोघांनी एकमेकांना ते सांगितलं. दिवसभरातला माझा सर्वांत आवडता क्षण तो.

जनावरं दिसतील या आशेने येणाऱ्यांना स्पष्ट सांगते, आम्हाला बिबट्या दिसला नाही, अस्वलही नाही. वानरं, एक भेकर आणि मोर, एवढेच दिसले. पण वाटेच्या मधोमध बिबट्याची वाळलेली विष्ठा होती. काडीने फोडून त्याने त्यातले रानडुकराचे राठ केस दाखवले. एका वारुळाला मोठं भगदाड होतं. "दखा ताई, अस्वलनी उकरेल शे," तो हळू आवाजात म्हणाला. माती अजून ओलसर होती. नणंदेने माझा हात घट्ट धरला. भाच्याने वाघाचं विचारलं, तेव्हा 2021ची हकिकत निघाली. यवतमाळच्या टिपेश्वरचा एक नर वाघ 300 किलोमीटरहून जास्त अंतर कापत इथवर आला होता. शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडून. ते ऐकल्यावर पोरगं अर्धा तास गप्प चालत होतं.

केदारकुंड धबधब्याच्या वाटेवर ओढ्यापाशी त्याने आम्हाला वीस मिनिटं नुसतं बसवलं. मग बाणपाखरू आलं. पांढरा नर, लांब शेपटीच्या दोन फिती मागे लहरत. पाण्यावर तीनदा झडप घालून, अंग भिजवून फांदीवर जाऊन बसला. वाटाड्याने मोबाईल बाहेर काढलाच नाही. मागे सातपुड्यात एका वाटाड्याने आम्हाला रानपिंगळा दाखवण्यासाठी फोनवर त्याचा आवाज पंधरा-वीस वेळा वाजवला होता, तो पक्षी बिचारा या झाडावरून त्या झाडावर सैरभैर होत होता. 1884 नंतर 113 वर्षं जगाने ज्याला नामशेष धरलं आणि 1997 साली जो आपल्या शहाद्याजवळच्या रानात पुन्हा सापडला, त्या पक्ष्याला असं छळायचं? त्या दिवशी मी काही बोलले नाही, याचं वाईट अजून वाटतं.

उणं एकच, पण मोठं. परतताना दगडांच्या राशीपाशी खरवडल्यासारखा आवाज आला. फुरसं होतं, अंगाच्या कड्या एकमेकींवर घासत बसलेलं. आमच्या वाटाड्याने आम्हाला वेळीच मागे ओढलं, त्याबद्दल त्याचे उपकार. पण चावलं असतं तर काय, असं विचारल्यावर त्याने कमरेची सुतळी दाखवली, घट्ट आवळायला. प्रथमोपचाराची पेटीही जवळ नव्हती. मी तिथेच खाली बसून त्याला समजावलं. आवळपट्टी नको, चिरा नको, तोंडाने ओढणं नको. हातपाय अजिबात हलू न देता माणसाला उचलून सरकारी दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं आणि वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा म्हणून दाखवलं. पुढच्या आठवड्यात मी त्याला पट्ट्या, फळी, ओआरएस घालून एक पेटी पाठवली. तरीही जाणाऱ्याने आपली पेटी आपण न्यावी.

जेवण त्याच्याच घरी, माणशी 120 रुपये. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) घोटलेली भाजी, लसणाची चटणी, वरून ताक. भाकरी तव्यावरून थेट ताटात. भाच्याने तीन खाल्ल्या.

पाचपैकी साडेचार. नवरात्रात जाऊ नका, तेव्हा यात्रेची गर्दी असते आणि ओढ्याकाठी बसून काही दिसायचं नाही. मागच्या यात्रेत लोकांनी टाकलेले द्रोण आणि चिप्सच्या पिशव्या महादेवाच्या मंदिरापर्यंत पोचल्या होत्या. आम्ही तिघांनी एक गोणी भरून खाली आणली, भरायची तर अजून चार भरल्या असत्या. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, ओढ्यातले दगड शेवाळलेले आहेत. बायकांनी देवळापाशीच सगळं उरकून निघावं, पुढे रानच आहे. सकाळी सातला चालायला लागलात तर बरं, आम्ही नऊला निघालो आणि पाखरांचा निम्मा वेळ हुकला. वाटाडे गावात विचारलं की भेटतात. फोन करायचा तर आदल्या संध्याकाळी करा, दिवसा आमचा वाटाड्या रानात किंवा कपाशीत असतो.