रिकॉम्बिनंट मानवी ग्लुकोकायनेज: जळगावच्या प्रयोगशाळेतला काही महिन्यांचा अनुभव

केळफूल, करटुली आणि सातपुड्यातल्या काही सालींच्या अर्काने ग्लुकोकायनेजचा वेग बदलतो का, हे बघायला आम्ही हे एन्झाईम मागवलं. ग्लुकोकायनेज म्हणजे ग्लुकोजला फॉस्फेट जोडून ग्लुकोज-६-फॉस्फेट बनवणारं एन्झाईम. मानवी जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून बनवलेलं (म्हणून रिकॉम्बिनंट), शुद्धीकरणासाठी हिस-टॅग ही छोटी शेपटी लावलेलं, ग्लिसरॉलच्या बफरमध्ये येतं. थंडीत काम सुरू केलं, आता पाऊस लागलाय. पैसे वसूल झाले असं माझं मत आहे, पण सांभाळावं फार लागतं.

हेच काम करणारं यीस्टचं हेक्झोकायनेज कितीतरी स्वस्त पडतं, मग हे कशाला, असं सगळेच विचारतात. यीस्टचं एन्झाईम ०.१ मिलिमोलरच्या आसपासच्या ग्लुकोजलाच आपल्या कमाल वेगाचा अर्धा वेग गाठतं. रक्तात उपाशीपोटी ५ मिलिमोलर साखर असते, तिथे ते कधीच भरून गेलेलं असतं, साखर वाढली तरी वेग फारसा वाढत नाही. मानवी ग्लुकोकायनेज अर्ध्या वेगाला येतं ते ८ मिलिमोलरच्या जवळपास, म्हणजे डेसीलिटरला साधारण १४४ मिलिग्रॅम साखरेवर. म्हणूनच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन सोडणाऱ्या बीटा पेशींना साखर वाढल्याचं त्याच्यामुळे कळतं. शिवाय एकाच साखळीचं प्रथिन असूनही त्याचा ग्लुकोज-वेग आलेख एस आकाराचा निघतो, हिल गुणांक (हा वाक किती ते सांगणारा आकडा; साध्या एन्झाईमचा १) १.७ च्या आसपास. मधुमेहाच्या दृष्टीने अर्क तपासायचे तर हाच गुण हवा.

आमच्या बाटलीने हा आलेख नीट दिला. नवा लॉट (एका वेळी बनवलेला साठा) आला की लेबलवरच्या युनिटवर, म्हणजे एन्झाईमच्या ताकदीच्या आकड्यावर, न थांबता आधी हाच आलेख काढा. शुद्धीकरणात ई. कोलायचं स्वतःचं ग्लुकोकायनेज मागे राहिलं असेल, तर अगदी कमी ग्लुकोजलाच वेग दिसतो आणि भेसळ लगेच उघडी पडते.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा आलेल्या एका पार्सलमधला कोरडा बर्फ संपलेला होता आणि त्या बाटलीचा वेग पहिल्या दिवसापासून कमी भरला. विक्रेत्याने बदलून दिली, पण त्यासाठी खूप पाठपुरावा करावा लागला. म्हणून मागणी थंडीतच नोंदवावी आणि पार्सल शनिवार-रविवारी गोदामात अडकणार नाही असा वार ठरवून घ्यावा. आल्याबरोबर छोटे भाग करून उणे ८० ला ठेवावेत. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवून वापरला तर वेग स्पष्ट घसरतो. या एन्झाईममधले सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) हवेने ऑक्सिडाइज होतात, तेव्हा ते रोखणारं डीटीटी हे रसायन रोज ताजं घालावं. वीज गेली तर डीप फ्रीझर उघडू नये, ही सूचना आम्ही दारावरच चिकटवली आहे.

मापन नेहमीचंच: तयार झालेलं ग्लुकोज-६-फॉस्फेट दुसरं एन्झाईम, म्हणजे जी-सिक्स-पीडीएच, वापरतं आणि त्यातून बनणारं एनएडीपीएच हे रेणू ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, म्हणून तिथे वाढताना दिसतं. वनस्पतींचे अर्क घेतले की इथेच घोळ होतात. सालींमधली पॉलिफेनॉलं स्वतःच ३४० ला प्रकाश शोषतात. काही अर्क ग्लुकोकायनेजला हात न लावता दुसऱ्या एन्झाईमलाच अडवतात. थेट ग्लुकोज-६-फॉस्फेट घालून बघितलं की ते कळतं. केळीच्या कुठल्याही भागाच्या अर्कात तर ग्लुकोज असतंच. ते मोजून वजा केलं नाही, तर साखरेने वाढलेला वेग अर्काच्या नावावर जमा होतो. एन्झाईमशिवायची, बाहेरचं ग्लुकोज न घातलेली आणि अर्काशिवायची, अशा तिन्ही नळ्या प्रत्येक वेळी लावल्याच पाहिजेत. आम्हाला सुरुवातीला आशादायक वाटलेले बहुतेक अर्क या नळ्यांपुढे टिकले नाहीत. एका सालीचा परिणाम अजून उभा आहे, त्यावर काम चालू आहे.

बीएस्सीच्या प्रात्यक्षिकाला मात्र हे घेऊ नका, तिथे यीस्टचं पुरतं. मागवणार असाल तर विक्रेत्याकडून त्याच लॉटचा ग्लुकोज आलेख आधी मागा. देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.