गाडीत दोन-अडीच वर्षांचं पोर: मोबाईल, गाणी, खेळणी की खाऊ?

आमची लेक आता पावणेतीनची आहे आणि गेल्या दीड वर्षात पुणे-गुहागर आमच्या पाच फेऱ्या झाल्यात, कारण माझं माहेर तिकडे. उंब्रजला हायवे सोडायचा, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. मोठी माणसंच असली तर सहा तासात पोचतो, पोर बरोबर असलं की सात, एकदा तर नऊ लागले. त्या नऊ तासांनंतर मी ठरवलं की प्रत्येक उपाय नीट ताडून बघायचा, नुसतं कोणीतरी सांगितलं म्हणून बॅग भरायची नाही. तर दिवाळीत-मे महिन्यात गावी निघणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी मोबाईल, कारण सगळ्यांचा खरा प्रश्न तोच असतो, बाकीचं विचारायचं म्हणून विचारतात. मोबाईल चालतो, खोटं का बोला. एक कार्टून लावलं की चाळीस मिनिटं मागच्या सीटवर पूर्ण शांतता, ड्रायव्हर खूश. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. आपले बालरोगतज्ज्ञही साधारण हेच सांगतात. पण माझी तक्रार वेगळीच आहे. पहिली म्हणजे बंद करताना होणारा तमाशा, चाळीस मिनिटांची शांतता आणि मग वीस मिनिटं किंचाळणं, म्हणजे नफा वीसच मिनिटांचा. दुसरी म्हणजे घाट.

तिसऱ्या फेरीत कोयनानगरला चहा घेतला, तिला दूध-बिस्किट दिलं आणि घाट शांतपणे उतरावा म्हणून हातात मोबाईल दिला. चौथ्या-पाचव्या वळणावर ती एकदम गप्प झाली, ओठ पांढरे, जांभई, कपाळावर घाम. मला वाटलं झोप आली! आणि मग सगळं दूध कार सीटच्या पट्ट्यांवर, बकलच्या फटीत, माझ्या ओढणीवर आणि मोबाईलवर. डोळे स्थिर चित्राकडे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतोय आपण गरागरा वळतोय, या दोघांचं जमेना की पोटात ढवळतं, नंतर डॉक्टरांनी समजावलं. म्हणजे फक्त मोबाईल नाही, मांडीवरचं चित्रांचं पुस्तक, स्टिकरची वही, मान खाली घालून करायचं काहीही घाटात नकोच. गप्प होणं आणि जांभया ही खूण मात्र लक्षात ठेवा, तेवढ्यात गाडी बाजूला घेता आली तर सीट वाचते. उलटीचं औषध मनाने देऊ नका, अगदी लहानांना काही औषधं चालतच नाहीत, डॉक्टरांना विचारूनच.

गाणी आणि गोष्टी घाटात जिंकतात. मान वर, नजर बाहेर, कान कामाला. फक्त प्लेलिस्ट घरूनच डाऊनलोड करून ठेवा, घाटात रेंज गेली की गाणं अडकतं आणि पोर "परत लाव परत लाव" करत बसतं. वाईट बाजू म्हणजे तेच बडबडगीत सतरा वेळा ऐकायला लागतं, नवरा सातारा येईपर्यंत दातओठ खात होता. त्यापेक्षा स्वतः सांगितलेली गोष्ट जास्त टिकते असा माझा अनुभव. आमच्याकडे चिऊकाऊच्या गोष्टीत आता चिमणीच्या जागी टेम्पो आहे, "टेम्पोताई टेम्पोताई दार उघड", आणि आत टेम्पोताई बाळाला डिझेल पाजतेय म्हणून दार उघडत नाही. हे अर्धा तास चालतं, खर्च शून्य, सांगणाऱ्याचा घसा मात्र बसतो.

याच्याच जोडीला खिडकी. लोक हिला धरतच नाहीत, पण आमच्याकडे सगळ्यात भरवशाची हीच. दोन-अडीच वर्षांच्या पोराला जेसीबी दिसणं म्हणजे देवदर्शन आहे! आणि आपल्याकडे कुठल्याही हायवेवर काही ना काही काम चालूच असतं, त्यामुळे दर थोड्या वेळाने एक जेसीबी हमखास. हिवाळ्यात गेलात तर कराड-पाटण पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या, पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या, म्हशी तर कायमच्या. पण बाहेर दिसायला पोर उंचावर बसलेलं पाहिजे, म्हणजे कार सीट आलीच. "आम्ही मांडीवरच घेतो, रडते ना" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की जोरात ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलेलं पोर हातात राहत नाही, आणि पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं तर सगळ्यात वाईट, समोर एअरबॅग असते. कायद्यानेही 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे. सुरुवातीला रडते, दोन-तीन छोट्या फेऱ्या शहरातच मारल्या की सवय होते. आणि एक बारीक गोष्ट, पुण्याहून सकाळी दक्षिणेकडे निघालं की ऊन डावीकडून येतं, तिची सीट डावीकडे असेल तर जाळीचा पडदा लावा, नाहीतर खिडकीचं सगळं सुख डोळे मिचकावण्यात जातं.

खेळण्यांवर मी सगळ्यात जास्त पैसे घालवले आणि सगळ्यात कमी मिळालं. बॅटरीवर वाजणारं खेळणं बंद गाडीत म्हणजे शिक्षा, ते ज्या मामाने दिलं त्याच्याच गाडीत ठेवून आले. लाकडी, जड, टोकदार काही नको, अचानक ब्रेकला तेच उडून लागतं. पाण्याच्या पेनची वही, जी ओली केली की रंग दिसतात आणि वाळली की जातात, ती चांगली आहे, पण सरळ रस्त्यावरच, वीसेक मिनिटं. रंगीत खडू एकदाच नेले, उन्हात वितळून सीटला लागले ते लागलेच. सगळ्यात भारी काय ठरलं माहितीये, माझी जुनी पर्स. चेन असलेले चार कप्पे, प्रत्येकात काहीतरी ठेवलेलं, संपलेलं बसचं तिकीट, बाद झालेलं कार्ड, रुमाल, मोठा कंगवा. ती एकेक काढते, बघते, परत ठेवते, चेन लावते, अडकली की "आई हे" करते. पस्तीस मिनिटं! नाणी आणि सुट्टी बटणं मात्र आधी काढून ठेवा, सरळ तोंडात जातात. दुसरं म्हणजे मास्किंग टेपचे तुकडे, ते हातावर, पायावर, खिडकीवर चिकटवायचे आणि काढायचे. आणि काहीही दिलं तरी सगळं एकदम देऊ नका, एक परत बॅगेत गेलं की मगच दुसरं.

खाऊ हा करमणुकीचाच प्रकार आहे, भूक नसते त्यांना. म्हणून पोट भरणारा नको, वेळ खाणारा पाहिजे. चुरमुरे बेस्ट, छोट्या स्टीलच्या डब्यात मूठभर, एकेक उचलून खाण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात, सांडले तर हाताने गोळा होतात. राजगिऱ्याचा लाडू चुकूनही देऊ नका, त्याचे दाणे वर्षभर सीटमधून निघतात. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं आणि कडक गोळ्या या वयाला गाडीत नाहीच, हिसक्याला घशात अडकतात, द्राक्षं उभी चिरून द्या. आणि मागे कोणी मोठं माणूस शेजारी नसेल तर चालत्या गाडीत काहीच खायला देऊ नका. घाटाच्या आधी तास-दीड तास दूध बंद, हे मी ओढणी धुऊन शिकलेय.

आता झोप. झोप म्हणजे करमणूक नाही, पण सात तासातले अडीच तास झोपेत गेले तर उरतातच किती. पहाटे साडेचारला निघणं आणि दुपारी जेवून निघणं, दोन्ही करून बघितलं. पहाटे तिला पांघरुणासकट उचलून सीटमध्ये ठेवली की ती साताऱ्याच्या आसपास उठते, रस्ताही मोकळा. दुपारी झोपते तासभरच, पुण्यातून बाहेर पडण्यातच अर्धी झोप जाते आणि घाट अंधारात येतो, खिडकी बाद. रात्री काढा म्हणणारे आहेत, पण रात्रभर जागून घाट उतरवणाऱ्या ड्रायव्हरची मला पोराच्या रडण्यापेक्षा जास्त भीती वाटते.

त्यामुळे आमचं आता असं चालतं, पहाटे निघणं, साताऱ्यापर्यंत झोप, तिथे पाऊण तास थांबून नाश्ता आणि तिला नुसतं पळू देणं (हा वेळ वाया जात नाही हो, पुढचे दोन तास यावरच निघतात), मग पर्स आणि चुरमुरे, पाटणपासून खिडकी, घाटात टेम्पोताई. मोबाईल बॅगेतच, चिपळूणच्या पुढे खरंच सगळे थकले असले तर वीस मिनिटं, म्हणजे बंद करायची वेळ आली की "आजी आली बघ" म्हणता येतं. तो रस्ताही वळणाचाच आहे, त्यामुळे फोन पुढच्या सीटच्या पाठीला डोळ्यांच्या उंचीवर अडकवायचा, मांडीवर नाही, आणि जांभई दिसली की लगेच बंद.

तुमचा रस्ता सोलापूरसारखा सरळ असेल तर हिशोब बदलतो, तिथे वही-स्टिकर खुशाल न्या, खिडकीत बघण्यासारखं कमी आहे. आणि एकटीच पोराला घेऊन गाडी चालवणार असाल तर पर्स, चुरमुरे सगळं विसरा, पडलेली वस्तू उचलायला मागे वळायचा मोह होतो. तेव्हा फक्त गाणी, झोपेची वेळ, आणि दर तासाला थांबा.