वेव्ह्ज शिकायला लांब स्प्रिंग: घ्याच, फक्त गुंता सांभाळा

मुलीला वेव्ह्ज कळाव्यात म्हणून ही लोखंडी स्प्रिंग मागवली, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा कितीतरी भारी निघाली. एक टोक टेबलाच्या पायाला घट्ट बांधायचं, गुळगुळीत फरशीवर ताणायची आणि दुसऱ्या टोकाला एकच आडवा झटका द्यायचा, उंचवटा पळत जातो आणि परत येताना चक्क उलट्या बाजूने येतो! टेबलाचा पाय आणि स्प्रिंग यांच्यामध्ये लांब दोरा बांधून स्प्रिंगचं ते टोक मोकळं ठेवलं तर मात्र सुलट येतो. एका कडीला लाल रिबीन बांधून बघाच, लाट निघून जाते, रिबीन जागच्या जागी हलून तिथेच, पुढे जाते ती नुसती एनर्जी. पुढेमागे ढकललं की अनुतरंग, म्हणजे कड्या लाटेच्याच दिशेने पुढेमागे हलतात अशा लाटा, आवाज हवेतून जातो तसे. झटका मोठा दिला म्हणून लाट लवकर पोचत नाही हां, त्यासाठी स्प्रिंग जास्त ताणावी लागते. ठरावीक लयीत हलवत राहिलं की एकच फुगा उभा राहतो, लय दुप्पट केली की दोन आणि मधला निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, एकदम गप्प. मायनस म्हणजे गुंतली की सोडवताना जीव जातो, आणि अति ताणली तर कायमची वाकडी. एक स्टार त्याचाच कापला.