सात डाइव्हनंतर: टॉर्च हातावर बांधायचा निओप्रीनचा ग्लोव्ह

गेल्या सीझनला मालवणात स्कूबा डायव्हिंग करताना माझा टॉर्च गेला. गेला म्हणजे चोरीला नाही, बुडाला, आणि तोही पेटलेला. डाइव्ह संपवून बोटीपाशी आलो, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) काढायला हात ओढला तर पट्ट्याबरोबर मनगटातली टॉर्चची दोरीपण सरकून बाहेर आली, आणि आठ-नऊ मीटर गढूळ पाण्यात तो दिवा हिरवा हिरवा होत खाली जाताना मी वरून नुसता बघत बसलो. बोटीवरचे दादा म्हणाले, "रवांदे, माशांका उजेड होतलो." सगळी बोट हसली, माझे साडेतीन हजार गेले.

त्या दोरीला स्टॉपर होता, पण मीच सैल ठेवलेला, कारण शिकताना सांगितलं होतं की फार आवळू नको, कुठे अडकलं तर हात पटकन सुटला पाहिजे. बरोबरच आहे ते. पण मग जी दोरी पटकन सुटते ती नको तेव्हाही सुटते ना. शिवाय टॉर्च सोडून दोन्ही हात वापरायचे म्हणलं की तो मनगटाखाली लोंबकळतो, खडकावर टक टक आपटतो, रात्री तर अजून वैताग, कारण उजेड इकडून तिकडे जोरात हलवणं म्हणजे 'गडबड आहे, इकडे बघ' असा सिग्नल असतो, त्यामुळे तुम्ही निवांत मास्क साफ करताय आणि बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, बिचारा जीव खाऊन पाय मारत येतोय असं होतं.

तर नवीन टॉर्चसोबत हा ग्लोव्ह मागवला, ऑनलाइन, साडेअकराशेला. खोल, अवघड डाइव्ह करणारे टेक्निकलवाले टॉर्च हाताच्या पाठीवर धरायला जी कडक मूठ वापरतात, म्हणजे गुडमन हँडल, त्याचाच हा मऊ आणि गरीब भाऊ. बोटं उघडी, तळव्याभोवती निओप्रीन (वेटसूटचं बुडबुडेवालं रबर), हाताच्या मागच्या बाजूला टॉर्च आडवा ठेवायचा आणि वरून वेल्क्रोचे दोन पट्टे. जिकडे मूठ, तिकडे उजेड. माझा टॉर्च एका 18650 बॅटरीवाला (बोटाएवढा लिथियम सेल) बारीक आहे, तो मस्त बसतो, जाडजूड व्हिडिओ लाइट असेल तर हे विसरा.

आता चांगलं काय ते सांगतो, आणि ते खरंच चांगलं आहे. मी डाव्या हाताला घालतो. इन्फ्लेटर, म्हणजे बीसीडीत हवा भरायचं बटण, डाव्याच हाताने दाबायचा असतो, तो अंगठ्याने दाबता येतो आणि टॉर्च जागचा हलत नाही. मालवणात दिवसापण टॉर्च लागतो बरं का, काही लोक हसतात, पण पाच-सात मीटरखाली लाल रंग जवळजवळ संपतो, सगळं निळं-करडं दिसतं, आणि खडकाच्या कपारीत उजेड टाकला की तेच स्पंज एकदम शेंदरी होतात. आधी एका हातात टॉर्च आणि एका हातात प्रेशर गेज (टाकीत किती हवा उरली ते दाखवणारं) अशी कसरत चालायची, आता गेज धरलेल्या हाताकडे फक्त मूठ वळवायची.

खरी परीक्षा अंदमानात हॅवलॉकला झाली, लाइटहाऊस साइटवर नाइट डाइव्ह केला तेव्हा. पहिली दहा मिनिटं मी बावळटासारखा डाव्याच हाताने ओके दाखवत होतो आणि बडीला काहीच कळत नव्हतं, कारण टॉर्च ज्या हातावर आहे त्या हाताच्या बोटांवर उजेड पडतच नाही! उजवा हात उजेडासमोर आणून खूण करायची, नाहीतर सरळ वाळूवर उजेडाचा गोल काढायचा, तो पण ओकेच. दुसरी खोड म्हणजे डाव्या हाताने नाक दाबून कान मोकळे करायला गेलो की उजेड थेट शेजारच्याच्या डोळ्यात. आता नाक उजव्या हाताने दाबतो, दोन-तीन डाइव्हमध्ये सवय झाली. त्या डाइव्हला एक लायनफिश आमच्या मागेच लागला होता, आमच्या उजेडात दिसणारे छोटे मासे गट्टम करायला, फुकटची खानावळच.

वाईट काय? एक, बोटीवर घट्ट वाटणारा ग्लोव्ह खाली गेल्यावर ढिला होतो. अठरा मीटरला दाब 2.8 बार असतो, निओप्रीनमधले बुडबुडे दबतात आणि कापड पातळ होतं. मला वाटलं माल खराब आला, मग डोक्यात प्रकाश पडला. दोन, बॅक रोल, म्हणजे बोटीच्या काठावरून पाठमोरं पाण्यात पडणं. उजवा हात मास्क आणि रेग्युलेटरवर (तोंडातलं श्वास घ्यायचं यंत्र), डावा सवयीने डोक्यामागे मास्कच्या पट्ट्यावर, आणि धप्पकन पाण्यात पडताना टॉर्चचं बूड कानामागे असं बसलं की टेंगूळ घेऊन डाइव्ह केला. डावा हात पोटाशी धरा. तीन, वेल्क्रोत वाळू गेली की पकड कमी होते, पाचव्या डाइव्हला पुढचा पट्टा स्वतःहून उघडायला लागला. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं 'नॉर्मल युज'. बरं.

म्हणून नुसत्या वेल्क्रोवर विसंबू नका, मी एकदा हात पोळून घेतलाय. टॉर्चच्या शेपटाला दोन मिलीमीटरची नायलॉनची दोरी आणि तिला स्टीलचा छोटा बोल्ट स्नॅप (खटका ओढून उघडायचा हुक) बांधलाय. काम झालं की टॉर्च ग्लोव्हमधून काढून बीसीडीच्या छातीवरच्या डी-रिंगला (धातूच्या कडीला) लावायचा, आणि सेफ्टी स्टॉप (वर येताना थोडा वेळ थांबणं) संपून बोटीकडे निघायच्या आधीच लावायचा, म्हणजे बीसीडी काढताना त्याच्यासोबतच राहतो. दोरीच का, सरळ कडी का नाही? तर मिठाने स्नॅप जाम झाला तर दोरी चाकूने कापता येते, कडी नाही. हा सगळा जुगाड दीडशे रुपयांत झाला आणि खरं सांगायचं तर ग्लोव्हपेक्षा त्याच्यावरच माझा जास्त भरवसा आहे. ते ओढल्यावर लांब होणारे स्प्रिंगवाले रिट्रॅक्टर मला पटत नाहीत, टॉर्च तरी लोंबकळतच राहतो.

नाइट डाइव्हला दुसरा छोटा टॉर्च खिशात हवाच, तोपण स्नॅप लावून.

अंदमानला जाणाऱ्यांनी बॅटरी टॉर्चमधून काढून हँडबॅगेत ठेवा, सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत.

पाचपैकी साडेतीन स्टार. घेणार असाल तर नेहमीपेक्षा एक साइज लहान घ्या, खाली गेल्यावर बरोबर बसतो. आणि गोड्या पाण्यात धुतल्यावर उलटा करून वाळवा, मी एकदा तसाच बॅगेत कोंबून पुण्याला आणला तर घरच्यांनी दोन दिवस फ्रिजमध्ये सुकट शोधली.